तरुणपणीच्या सिनेमातली ऐट आजच्या कपड्यांत कशी उतरवायची

सिनेमातले कपडे आपल्यापैकी कुणीच घातले नव्हते. आपण घातले ते गल्लीतल्या टेलरने सिनेमा बघून, कधी नुसतं भिंतीवरचं पोस्टर बघून बेतलेले. पडद्यावरचं साटिन बेळगावच्या खडे बाजारात पोचेपर्यंत टेरीकॉट व्हायचं, हिरोचं लेदर जॅकेट इथे रेक्झिनचं व्हायचं, आणि तरी ते घालून गणपत गल्लीतून फिरताना ऐट काही कमी पडत नव्हती.

मी शहापुरात घरी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवते. पन्नाशीच्या बायका मोबाईलवर जुनं गाणं मध्येच थांबवून "अगदी अस्संच पाहिजे" म्हणतात, तेव्हा मी आधी विचारते, त्या वेळी तुम्ही शिवून घेतलं होतं त्याचा फोटो आहे का? तो बघितला की काम निम्मं सोपं होतं. त्यांना हवी असते ती एकोणिसाव्या वर्षी स्टुडिओत उभी राहिलेली स्वतःची छबी. माधुरी त्यात निमित्तमात्र असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आपल्या मंडळींसाठी हे काम कसं करायचं ते सविस्तर सांगते. पुरुषांच्या पँट-शर्टाचं गणित शेजारच्या एका जुन्या टेलरमामांकडून पक्कं करून घेतलंय.

आधी अल्बम काढा, सिनेमा नंतर

मोबाईलवर सिनेमा लावला की डोळे नटनटीवर जातात आणि आपण काय घालत होतो ते विसरायला होतं. म्हणून आधी घरातले फोटो काढा. लग्नातले, कॉलेजच्या गॅदरिंगचे, जत्रेत काढलेले. साधारण तेरा ते बावीस या वयातले पुरेत. प्रत्येक फोटोत स्वतःकडे बघून एका वहीत तीन गोष्टी लिहा: अंगात काय आहे, ते कुठल्या सिनेमावरून आलं, आणि ते घालून तुम्ही कसे उभे आहात. तिसरी गोष्ट लोक गाळतात, आणि खरा माल तिथेच असतो. खिशात अंगठा अडकवलेला, कॉलर वर केलेली, पदर उजव्या हातावर मुद्दाम सोडलेला. कापड फाटून गेलं तरी ती लकब अंगात राहते.

सिनेमाचं साल शोधताना एक लक्षात ठेवा. गावाकडे सिनेमा उशिरा यायचा, टुरिंग टॉकीजला तर फारच उशिरा. त्यामुळे तो प्रदर्शित कधी झाला यापेक्षा तुम्ही कधी बघितला ते धरा.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. पुण्यातल्या माणसाच्या यादीत हिंदी आणि मराठी येईल, आपल्या यादीत कानडीही येतं. १९८७ च्या ‘प्रेमलोक’मधल्या रविचंद्रनची बाईक आणि जॅकेट बघून वेडी झालेली मराठी पोरं माझ्या ओळखीची आहेत. कानडी नट डॉ. राजकुमारांचा पांढरा शर्ट आणि पांढरं पंचे, म्हणजे धोतर, हा तर कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांचा सणाचा पोशाखच होता, मग घरात मराठी बोलत असोत की कानडी. यादी करताना हे गाळू नका. तुमची शैली इतरांपेक्षा वेगळी दिसेल ती याच सरमिसळीमुळे.

कपड्यातून एकच गोष्ट वेगळी काढा

यादी झाली की प्रत्येक कपड्याला विचारा: मला यातलं आवडलं काय? रंग, बेत, कापड, की नुसती एखादी खुबी? चारही उचललंत तर तो गॅदरिंगचा ड्रेस होतो. एकच उचललंत तर ती तुमची स्टाईल होते.

हे नीट करायचं तर पडद्यावर ती गोष्ट का आली ते बघावं लागतं. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) मधला साधना कट घ्या. साधनाचं कपाळ रुंद, ते झाकायला कपाळावर केस आणले, आणि त्यातून देशभर फॅशन झाली. म्हणजे ज्यांचं कपाळ मोठं त्यांना तो कट आजही शोभेल, साठीतसुद्धा. कपाळ लहान असेल तर चेहरा दबून जातो, मग तुम्ही साधनाच्या कितीही भक्त असा.

किंवा ‘दीवार’ (१९७५) मधला अमिताभचा गाठ मारलेला निळा शर्ट. तो शर्ट शिवताना फार लांब झाला होता, म्हणून पुढे गाठ मारून वेळ निभावली, हे बच्चननेच सांगितलंय. टेलरची चूक, आणि पोरांनी मुद्दाम लांब शर्ट शिवून गाठी मारल्या! आज पोट सुटलेल्या माणसाने ती गाठ मारू नये, ती नेमकी पोटावरच बोट दाखवते. पण त्या शर्टातून घेण्यासारखं दुसरं आहे: धुऊन मऊ झालेला निळा रंग, वरची दोन बटणं उघडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि खाली खाकी पँट. एवढं केलं तरी ओळखणारा ओळखतो.

गुरुशर्टाची गोष्ट उलटी आहे. राजेश खन्नाच्या काळात तो घराघरात गेला आणि तो आजही जसाच्या तसा चालतो. सैल, पँटच्या बाहेर सोडायचा, पोट झाकणारा, उन्हाळ्यात हवा खेळती ठेवणारा. पन्नाशीनंतरच्या पुरुषाला याहून सोयीचा कपडा मला तरी माहीत नाही. उंची मात्र मांडीच्या मध्याच्या वर ठेवा, त्याखाली गेला की झब्बा होतो.

दादा कोंडक्यांची ढगळ चड्डी आणि लोंबती नाडी यादीत आली असेल तर ती तिथेच राहू द्या.

रंग दुकानाच्या दारात बघा

जुन्या सिनेमातला रंग म्हणून आपल्या डोक्यात जो असतो तो अर्धा प्रकाशयोजनेचा, अर्धा घासलेल्या रिळाचा. व्हिडिओ कॅसेटवर बघितलं असेल तर लाल रंग पसरूनच दिसायचा. आता तेच गाणं दोन वेगवेगळ्या मोबाईलवर लावा, साडी दोन रंगांची दिसेल. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मुळे लिंबू कलरची साडी मराठी घरात अजरामर झाली, पण दुकानात जाऊन "लिंबू कलर" मागितलात तर पोपटीपासून हळदीपर्यंत काहीही पुढ्यात पडतं.

त्यामुळे मोबाईल दाखवून रंग घेऊ नका. ठाण उचलून दुकानाच्या दारात आणा, उन्हात बघा, मग हनुवटीखाली धरून आरशात बघा. आपले दुकानदार कुरकुरत नाहीत, उलट स्वतःच म्हणतात, "बाहेर नेऊन बघा की." चेहरा उजळला तर घ्या. तरुणपणी शोभलेला रंग केस पिकल्यावर शोभेलच असं नाही. लिंबूपिवळा सावळ्या रंगावर खुलतो, पण पांढऱ्या केसांशेजारी कधीकधी फिका पडतो. अशा वेळी तो अंगात न घेता काठात किंवा ब्लाऊजात घ्या.

‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधल्या माधुरीच्या जांभळ्या साडीचं मी असंच करते. ते साटिन आज अंगावर घातलं तर घाम, घसरण आणि प्रत्येक वळीचा हिशोब. त्याऐवजी जांभळ्या अंगाची इरकल घ्या. तिचा तांबडा-पांढरा टोप-पदर आपला आपण बोलतो. ब्लाऊज त्याच जांभळ्याचा, पाठीला थोडा खोल आणि मागे दोरी. साडी आपल्याकडची, दोरी सिनेमातली. बघणाऱ्या पन्नाशीतल्या बायकांना बरोबर कळतं कुठून आलंय ते. त्यांच्या मुलींना कळत नाही, आणि ते बरंच आहे.

आपली हवा मुंबईची नाही

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, खानापूरकडे तर धो धो, आणि नोव्हेंबर ते जानेवारी सकाळ-संध्याकाळ छान गारठा. म्हणून जॅकेट ही गोष्ट मुंबईकराला मिरवण्यापुरती, आपल्याला उपयोगाची. ‘मैंने प्यार किया’ किंवा ‘दिलवाले दुल्हनिया’च्या काळातलं जॅकेट डोक्यात असेल तर खुशाल घ्या, इथे ते तीन महिने वापरून होईल. रेक्झिनचं मात्र घेऊ नका, आमच्या दमट पावसाळ्यात कपाटातच त्याचे पापुद्रे निघतात. जाड कॉटन ड्रिल किंवा कॉर्डरॉयवर तोच बेत शिवून घ्या.

बेलबॉटम पावसाळ्यात नको. घेर भिजून चिखलासकट पोटरीला चिकटतो. अथणी-चिकोडीकडे पाऊस कमी आणि ऊन कडक, तिथे घेर चालेल पण टेरीकॉट सोसणार नाही.

कापड बदलताना एक भान ठेवा. बेलबॉटमचा घेर सुंदर पडायचा तो कापडाला वजन होतं म्हणून. पातळ कॉटनमध्ये तो फुग्यासारखा दिसतो आणि लिनन दोन पावलांत चुरगळतं. टेरीव्हिस्कोज किंवा जरा जाड कॉटन ट्विल घ्या.

टेलर निवडणं आणि त्याच्याशी बोलणं

रेडिमेडमध्ये हे जमत नाही. बेत अर्ध्या इंचावर बदलतो, आणि तो अर्धा इंच कुणीतरी टेप हातात घेऊनच ठरवायला लागतो. जुना टेलर मिळाला तर उत्तम. तो सिनेमाचं नाव ऐकूनच हसतो. आमच्या टेलरमामांकडे साठीचे एक गृहस्थ बेलबॉटम शिवायला आले. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "घालूलास काय रे खरंच, का नुसतं शिवून ठेवूलास?" मग टेप न काढताच त्यांनी खडूने टेबलावर पँटचा आकार काढला, गुडघ्यापाशी बोट ठेवलं आणि सांगितलं, घेर इथून सुरू करायचा नाही, जरा खाली घेऊया, गुडघा आता पूर्वीचा राहिला नाही. असा माणूस शोधा.

नवीन टेलर असेल तर तुमचा जुना फोटो न्या, नटाचा नको. तुमच्या फोटोवरून त्याला तुमची ठेवण कळते. नटाच्या फोटोवरून तो नटाचं माप मनात धरतो. बरोबर सध्या नीट बसणारा एक कपडा न्या आणि "याच्यापेक्षा इथे सैल, तिथे घट्ट" या भाषेत बोला.

आकडे हवेत ना? सत्तरच्या दशकात बेलबॉटमचा बॉटम २४ इंच, २६ इंच, हौशी पोरांचा त्याहून जास्त असायचा. आज साध्या पँटचा १५-१६ असतो. मधला रस्ता म्हणजे गुडघ्याला १७ आणि बॉटमला १९ इंच, अंगकाठीप्रमाणे अर्धा इंच इकडे-तिकडे. चालताना घेर जाणवतो, रस्ता झाडत नाही. कंबर मात्र जुन्यासारखी वर, बेंबीच्या जवळ घ्या. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं दिसतं आणि पाय लांब वाटतात. ५८ इंच पन्ह्यात एरवी १.३० मीटर पुरतं, या बेताला दीड मीटर घ्या. शर्टाची कॉलर त्या काळी टोकाला चार इंचांपर्यंत जायची. आता सव्वातीनवर थांबा.

बायकांच्या ब्लाऊजचं मी माझ्या अनुभवाचं सांगते. पाठ खोल हवी असेल तर पुढचा गळा उथळ ठेवायचा. दोन्हीकडे खोल घेतलं की खांदा उतरतो, मग दिवसभर एक हात खांद्यावरच. साधारण उंचीच्या बाईला पाठ नऊ इंचांच्या खाली गेली की दोरी हवीच, आणि ती नुसती लोंबणारी नको, खरी ताण धरणारी हवी. फुग्याची बाही करायची तर खांद्याचं माप अर्धा इंच आत घ्या, नाहीतर खांदे पैलवानासारखे दिसतात. चुन्या बाहीच्या माथ्यावरच ठेवा, काखेकडे आणू नका. ‘बॉबी’ (१९७३) मधल्या ठिपक्यांचं कुणाला वेड असेल तर ठिपका वाटाण्याहून लहान घ्या आणि तो ब्लाऊजपुरता. साडी एकरंगी. गाठीचा ब्लाऊज मागणाऱ्यांना मी मागच्या बाजूला गाठ शिवून देते. हौस भागते, पोट उघडं पडत नाही.

खणाचा ब्लाऊज हा आपल्याकडचा हुकमी एक्का. गुळेदगुड्डचा खण बाजारात मिळतो. जुन्या तमाशापटांतली ठसठशीत चोळी डोक्यात असेल तर कोपरापर्यंत बाही, काठ बाहीच्या कडेला आणि साडी अगदी साधी. पारंपरिक खणाचा पन्हा कमी असतो, म्हणून माप आधी घ्या आणि खण नंतर. उलट केलं की बाहीला जोड द्यावा लागतो आणि तो दिसतो.

महागाचं कापड असेल तर आधी मांजरपाटावर नमुना शिवायला सांगा. शंभर-दोनशे रुपये जास्त जातात, कापड वाचतं. कापड घरी भिजवून, सुकवून मगच टेलरला द्या. आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, दीड इंच सोडायला सांगा, वजन वर-खाली होतंच. आणि ट्रायलला कच्च्या शिलाईवरच जा. आरशासमोर नुसते उभे राहू नका, बसा, वाका, हात वर करा, स्कूटरवर बसल्यासारखं करा.

शिवलेली साडी

हा भाग मुद्दाम वेगळा लिहितेय, कारण विचारणाऱ्या बायका वाढताहेत. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधली मुमताजची अंगाबरोबर चापून बसलेली केशरी साडी आठवते? ती आधीच शिवलेली होती, चेन लावलेली, नाचताना सुटू नये म्हणून. ती केली भानू अथय्यांनी, आणि त्या मूळच्या आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय त्याच.

ती कल्पना आज खरी कामाची आहे ती गुडघे दुखणाऱ्या, स्कूटर चालवणाऱ्या, लग्नघरात दिवसभर वाढणाऱ्या बायकांना. मुमताजसारखी चापून नको, नेहमीच्या निऱ्यांचीच करायची. जुनी, मऊ झालेली साडी निवडा. निऱ्या घालून कमरेला दोन इंची पट्टीत शिवून घ्या, बाजूला चेन नको, हुक आणि नाडी दोन्ही ठेवा. पदर मोकळाच राहू द्या, म्हणजे शिवलेली आहे हे कुणाला कळत नाही. भारी इरकल मात्र यासाठी कापू नका. निऱ्या नुसत्या टाचून घ्या, टाके उसवले की साडी पुन्हा अख्खी.

पाय, डोळे, डोकं

चप्पल हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात ठळक बदल. कोल्हापुरी चप्पल हे नाव कोल्हापूरचं असलं तरी तिचं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे, आणि कर्नाटकातल्या चारांत बेळगाव आहे. अथणीच्या कारागिरांची चप्पल घ्या, गुरुशर्टाखाली किंवा नऊवारीखाली तिच्याइतकं काही शोभत नाही. बेलबॉटमखाली ती घालू नका, घेर पायावर लोळतो. तिथे इंचभर टाचेचा बूट हवा. नवी कोल्हापुरी तेल देऊन चार दिवस घरात वापरा, आणि पावसात अजिबात नको.

गॉगलची हौस असेल तर ती नंबरच्या चष्म्यावर भागवा. मोठी चौकोनी किंवा थेंबाच्या आकाराची फ्रेम रोज तोंडावर राहते, वेगळा खर्च नाही.

केसांबाबत मी कठोर आहे. कान झाकणारा बच्चन कट दाट केसांवरच करावा. ‘तेरे नाम’नंतर मधोमध भांग पाडून झिपऱ्या सोडलेली पोरं आता चाळिशीकडे आलीत. त्यांनी तो फोटो जपून ठेवावा, एवढंच सांगेन. ‘दिल चाहता है’मधली ओठाखालची छोटी दाढी मात्र पिकल्यावरही काहींना झकास दिसते, न्हाव्याला विचारून बघा.

घालायची सुरुवात

एका वेळी एकच जुनी गोष्ट. मोठी कॉलर असेल तर पँट आजची. बेलबॉटम असेल तर शर्ट साधा, आत खोचलेला. सुरुवात घरच्या लग्नात करू नका, तिथे पन्नास जण बोलतात. रविवारी बाजाराला, भाजीला घालून जा. दोन तास वावरल्यावर विसरलात की अंगात काय आहे, तर तो कपडा तुमचा. सारखं ओढून-ताणून नीट करत बसलात तर टेलरकडे परत.

शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत फेटा, नऊवारी, नथ घालून सगळं बेळगाव रस्त्यावर असतं. तो दिवस वेषभूषेचा, तिथे कितीही करा. बाकीच्या दिवसांसाठी त्यातलं एखादंच उचला, म्हणजे नऊवारी राहू दे, नथ तेवढी रोजच्या सहावारीवर घालून बघा.

मुलं हसतील. हसू देत. ‘बंटी और बबली’च्या कॉलरच्या कुर्त्या आणि ‘जब वी मेट’मधला टी-शर्टखालचा पटियाला ज्यांनी कॉलेजात घातला, त्या मुलींचीही आता लग्नं होऊन पोरं झालीत आणि त्याच माझ्याकडे जुनी पटियाला आल्टर करायला आणतात. पटियालाचा घेर उसवून त्यात सरळ पँट आणि वर एक छोटी ओढणी आरामात निघते. तुमच्याकडे असेल तर टाकू नका, फक्त नाड्याच्या जागी इलॅस्टिक घालायला सांगू नका, कंबरेला चुन्या जमून कुर्ती फुगते. दोन इंची सपाट पट्टी आणि बाजूला हुक, बस्स.